गाइड कुठले? आधी पाणी किती, ते ठरवा

मिनेसोटात रविवारी संध्याकाळी कुठल्याही तळ्याच्या रॅम्पवर जाऊन पाहा. सकाळी बोट पाण्यात सोडताना फारशी कुणाची तारांबळ उडत नाही. कसोटी लागते ती बोट परत ट्रेलरवर चढवताना, आणि त्यातही ती पॉन्टून असेल तर अधिकच. पॉन्टून म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या दोन लांब, बंद ट्यूब, त्यांवर सपाट डेक, डेकभोवती कठडा आणि आत ऐसपैस बसायची सोय. याच राज्यातल्या रिचमंड गावच्या अ‍ॅम्ब्रोज वीअर्स या शेतकऱ्याने १९५२ मध्ये पोलादी पिंपं एकापुढे एक जोडून त्यांवर लाकडी तख्त बसवलं आणि आजच्या पॉन्टूनचा पाया घातला. म्हाताऱ्यांपासून लहान मुलांपर्यंत सगळ्यांना घेऊन पाण्यावर जाता यावं, यासाठी याहून सोयीची बोट नाही. मात्र ट्रेलरवर चढवताना तिचे काही हट्ट सांभाळावे लागतात.

पुढचं बोलणं मिनियापोलिसजवळच्या एका मराठी घरातलं आहे. मामा लेक मिनेटोंकावर वर्षानुवर्षं बोट नेत आले आहेत. भाची इंजिनियर, तिने यंदा मामांकडूनच २२ फुटी पॉन्टून चालवायला घेतली आहे. ट्रेलरला गाइड, म्हणजे आत येणाऱ्या बोटीला मधोमध ठेवणारे खांब किंवा फळ्या, बसवायचे का, आणि बसवायचे तर कुठले, यावर दोघांचं जमत नाही.

मामा : माझं मत सरळ आहे. गाइड म्हणजे पैसे घालवायचं काम. वाऱ्याचा अंदाज, ट्रेलर पाण्यात किती न्यायचा त्याचा हिशेब आणि हाताचा संथपणा, एवढं जमलं की गाइड लागत नाहीत. आणि हे जमलं नाही, तर गाइड काही वाचवत नाहीत.

भाची : तुम्हाला लागत नाहीत, मामा. पण मामीचं काय? बोट घरात इतकी वर्षं आहे, मामीला ती चालवताही येते. तरी ती कधी एकटी घेऊन गेली नाही, कारण परत चढवायची कशी हा प्रश्न. तुम्ही बाहेरगावी असलात की बोट घरासमोर झाकलेली.

मामा : शिकली तर तिलाही येईल. मी काय जन्मतः शिकून आलो?

भाची : शिकायला चुका कराव्या लागतात. मागे पाच गाड्या खोळंबलेल्या असताना रॅम्पवर चूक करायची हिंमत नवख्या माणसाला होत नाही. म्हणून तो चाक दुसऱ्याच्या हातात देतो आणि कायम नवखाच राहतो. गाइडमुळे चूक दोन फुटांची न होता दोन इंचांची होते. तेवढ्याने माणूस पुन्हा प्रयत्न करायला धजतो.

मामा : तू म्हणतेस ते पटतं, पण उलट बाजूही बघ. खांब दिसले की लोक त्यांच्या भरवशावर जोरात येतात. खांब लागला की बोट आपोआप सरळ होईल असं त्यांना वाटतं. माणसांनी भरलेली २२ फुटी बोट वेगात येऊन खांबावर आदळली, तर खांब वाकतो नाहीतर कठड्याच्या पत्र्याला पोचा पडतो. आणि पॉन्टूनचा स्वभावच वेगळा. साध्या बोटीचा तळ मध्यभागी खोल असतो, तो पाणी धरून ठेवतो. पॉन्टून पाण्यात जेमतेम फूटभर बुडते, वर कठडा आणि छत उभं असतं. वारा त्यावर शिडासारखा धरतो. इंजिन मंद केलं की बोट तुझ्या म्हणण्याने न जाता वाऱ्याच्या म्हणण्याने जाते.

भाची : माझाही मुद्दा तोच आहे. वारा ढकलणार हे नक्की असेल, तर ढकललेली बोट अडवायला काहीतरी हवं.

मामा : आधी वाऱ्याकडून यायला शिक. वारा डावीकडून असेल तर ट्रेलरच्या थोडं डावीकडे नाक धर, वारा तिला मधोमध आणून सोडतो. शक्य असेल तर छत दुमडून ठेव. हे तुला कुठलाही गाइड शिकवणार नाही.

भाची : मान्य. पण वाऱ्याचा झोत अचानक बदलला, तर ज्या बाजूला बोट सरकतेय तिथे आधार असावा की नसावा?

मामा : बरं, असावा. पण कुठला? दुकानात दहा प्रकार मांडलेले असतात.

या प्रश्नापाशी वादाचा सूर बदलला. बसवायचे की नाही हा मुद्दा मागे पडला आणि काय कुठे बसवायचं, हा मुद्दा पुढे आला. भाचीने प्रकार मांडले.

भाची : मुख्य प्रकार तीन. पहिला, उभे खांब. ट्रेलरच्या मागच्या टोकाला दोन बाजूंना गॅल्व्हनाइज्ड नळीचे खांब आणि त्यांवर पांढरा पीव्हीसी पाइप. बोटीची कड त्यांना घासून आत येते. दुसरा, बाजूच्या फळ्या. दोन ते पाच फूट लांबीची, कार्पेट लावलेली लाकडी फळी कंसावर आडवी उभी करतात, ती ट्यूबच्या बाजूला टेकते. तिसरा, आतले गाइड. दोन ट्यूबच्या मधल्या मोकळ्या जागेत बसतात आणि ट्यूबला आतून मधोमध धरतात. यांतच रोलरवालेही मिळतात.

मामा : आतले गाइड आपल्या बोटीला चालणार नाहीत.

भाची : का?

मामा : खाली वाकून बघ. ट्यूबच्या आतल्या अंगाला त्या पट्ट्या वेल्ड केलेल्या दिसतात ना? वेगात बोट वर उचलली जावी म्हणून त्या असतात. आतला गाइड नेमका त्यांच्यावर घासेल. ज्या पॉन्टूनला मधोमध तिसरी ट्यूब असते, तिला तर आतल्या गाइडची जागाच नसते. आतला गाइड साध्या दोन ट्यूबच्या, पट्ट्या नसलेल्या बोटीला चांगला.

भाची : मग उरले खांब आणि फळ्या. मला खांब आवडतात. रिकामा ट्रेलर मागे घेताना तो गाडीच्या आरशात दिसतच नाही. पॉन्टूनचा ट्रेलर बसका असतो, उतारावर गेला की पिकअपच्या मागच्या फळकुटाखाली गायब. दोन पांढरे खांब उभे असले की ट्रेलर कुठे वळतोय ते लगेच कळतं. त्यांच्या टोकांवर दिवे बसवले तर ते पाण्याबाहेर राहतात आणि अंधारातही उपयोगी पडतात.

मामा : आरशाचा मुद्दा मला पटला, तो मी खोडत नाही. पण टेप आण. आपली बोट किती रुंद आहे ते मोज.

बोट घरासमोर ट्रेलरवरच होती. भाचीने डेकच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत टेप धरला. साडेआठ फूट, म्हणजे १०२ इंच. मिनेसोटात रस्त्यावरून वाहन नेताना रुंदीची सर्वसाधारण मर्यादाही तेवढीच आहे.

मामा : आता खांब कुठे येणार? डेकच्या बाहेर, कारण त्यांना डेकच्या कडेला टेकायचंय. एका बाजूला खांबाची जाडी आणि एक इंच मोकळी जागा धर, दोन्ही बाजूंचं मिळून सहा इंच सहज वाढतात. आठ फुटी बोटीला हे परवडतं, कारण तिथे दोन्हीकडे तीन-तीन इंच शिल्लक असतात. साडेआठ फुटी बोटीला शिल्लकच नाही.

भाची : म्हणजे आपल्याला बाजूच्या फळ्या. त्या ट्यूबला टेकतात, आणि ट्यूब डेकच्या कडेपासून आत असतात. सगळं डेकच्या छायेखाली राहतं, रुंदी वाढत नाही.

मामा : बरोबर. पण फळी किती उंच बसवायची?

भाची : आपल्या ट्यूबचा व्यास २५ इंच. गोल ट्यूब सगळ्यात रुंद असते ती मध्यावर, म्हणजे तळापासून साधारण साडेबारा इंचांवर. फळी तिथे.

मामा : ट्रेलरवर बोट बसलेली असताना हे बरोबर आहे. पण बोट आत शिरताना ती ट्रेलरवर बसलेली नसते, पाण्यावर तरंगत असते. आता खालचा उतार धर.

भाचीने कागद घेतला. रॅम्पचा उतार साधारणपणे १२ ते १५ टक्के ठेवतात. तिने १३ टक्के धरला. ट्रेलरवरच्या बंक, म्हणजे बोट जिच्यावर टेकते त्या कार्पेटच्या फळ्या, २० फूट लांब. पुढचं टोक पाण्याच्या पातळीवर ठेवलं, तर मागचं टोक त्यापेक्षा २.६ फूट, म्हणजे सुमारे ३१ इंच खाली जातं. ट्यूब निम्मी बुडाली तर पाण्याखाली साधारण फूटभर असते. म्हणजे ट्रेलरच्या मागच्या टोकाशी बंक आणि ट्यूब यांच्यात १९ इंचांचं अंतर. ट्यूबचा रुंद मध्य बंकपासून ३१ इंचांहून वर, आणि फळी मात्र साडेबारा इंचांवर.

भाची : म्हणजे ट्यूब फळीच्या वरून निघून जाईल. गाइड पाण्याखाली, बोट त्याच्या डोक्यावरून.

मामा : आणि वारा असेल तर ती बाजूला सरकून फळीवरच चढून बसेल. ट्रेलर ओढला की सगळा भार त्या कंसावर. हे मी रॅम्पवर पाहिलंय, म्हणून गाइडवरचा माझा विश्वास उडाला.

भाची : पण दोष गाइडचा नाही, मामा. ट्रेलर फार खोल नेला होता. समजा बंकचा पुढचा तिसरा हिस्सा कोरडा ठेवला. मग पाण्याखाली उरतात साधारण १३ फूट. मागचं टोक पाण्याच्या पातळीखाली सुमारे २० इंच. ट्यूब आणि बंक यांच्यातलं अंतर आठ इंचांवर आलं. ट्यूबचा मध्य बंकपासून वीस-एकवीस इंचांवर. डेकचा तळ त्याहून वर असतो, म्हणजे डेकखाली बसेल इतपत, दोन फुटांच्या आत उंचीची फळी तिथे ट्यूबला नेमकी पकडते.

मामा : आणि पाण्याची ही खोली साधायची कुणी?

भाची : चालवणाऱ्याने.

मामा : तेच तर मी म्हणत होतो.

भाची : आणि ती साधली तर फळी काम करते, हे मी म्हणत होते.

इथे दोघंही थोडं थांबले, कारण दोघांचंही खरं होतं. गाइडची उंची आणि ट्रेलरची खोली हे दोन निर्णय वेगळे नाहीतच. उंची ठरवताना खोली गृहीत धरावी लागते, आणि दर वेळी रॅम्पवर तीच खोली साधावी लागते.

भाची : मग मी असं करेन. मागच्या बाजूच्या फळ्या उंच कंसावर, डेकच्या खाली जेमतेम बसतील इतक्या. त्या आत येणाऱ्या ट्यूबला पकडतील. ट्रेलरच्या मध्याजवळ आणखी एक जोडी, ती मात्र ट्यूबच्या मध्याच्या उंचीवर, कारण तिथे बोट बंकवर टेकत आलेली असते. मागच्या फळ्या आरशातही थोड्या दिसतील.

मामा : मोकळी जागा किती ठेवणार?

भाची : प्रत्येक बाजूला इंचभर.

मामा : चांगलं. अगदी घट्ट बसवलं तर थोडी वाकडी आलेली बोट अडकते, आणि सैल ठेवलं तर गाइडचा उपयोग राहत नाही. आणि एक नीट ध्यानात ठेव, फळ्या बसवायच्या त्या बोट ट्रेलरवर बरोबर मधोमध बसलेली असताना. रिकाम्या ट्रेलरवर अंदाजाने बसवलेले गाइड बोटीला कायम एका बाजूला ढकलत राहतात.

दोघांनी बोट बंकवर मधोमध आणली. ट्यूब आणि फळी यांच्यामध्ये इंचभर जाडीच्या लाकडाचा तुकडा धरला, यू-बोल्ट ट्रेलरच्या चौकटीवर चढवला आणि नट हाताने आवळले. दुसऱ्या बाजूलाही तसंच. दोन्हीकडचं अंतर पुन्हा टेपने मोजलं, मगच पान्याने घट्ट केलं. भाचीने फळीवरून तळहात फिरवला. बोल्टचं डोकं कार्पेटच्या वर येता कामा नये. ते लाकडात खोल गेलेलं असावं लागतं, नाहीतर दर खेपेला अ‍ॅल्युमिनियमवर ओरखडा.

मामा : लाकूड कुठलं आणलंस?

भाची : दुकानात वाळवी न लागणारं, औषध मारलेलं लाकूड होतं. पाण्यात जाणार म्हणून तेच आणलं.

मामा : ते नको. त्या औषधात तांब्याची रसायनं असतात. ओलं कार्पेट, तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम एकत्र आले की अ‍ॅल्युमिनियमला खड्डे पडायला लागतात. ट्यूबला भोक पडलं तर सगळा खर्च तिथेच. साधं लाकूड चांगलं सील करून घे, नाहीतर प्लास्टिकच्या फळ्या घे.

भाची : हे मला ठाऊक नव्हतं. खांबांच्या पीव्हीसीलाही असंच काही असतं का?

मामा : ते थंडीत ठिसूळ होतं. इथल्या हिवाळ्यात उघड्यावर राहिलेला पाइप वसंतात हलक्या धक्क्यानेही तडकतो. ज्याला खांब हवेत त्याने दर हंगामाच्या सुरुवातीला ते हाताने वाकवून पाहावेत.

भाची : आता मला रॅम्पवरचा क्रम सांगा. गाइड आहेत असं धरून.

मामा : आधी ट्रेलर थोडा खोल ने, म्हणजे बंकचं कार्पेट भिजेल. कोरड्या कार्पेटवर ट्यूब अडते. मग पुढे ओढून पुढचा तिसरा हिस्सा पाण्याबाहेर ठेव. हँडब्रेक लाव. बोट चालण्याच्या वेगाने आण, त्याहून कमी चालेल, जास्त नको. ट्यूब पहिल्या फळ्यांमध्ये शिरल्या की इंजिन न्यूट्रलला टाक. उरलेलं काम विंचचं, म्हणजे पट्ट्याने बोट ओढणाऱ्या चरखीचं.

भाची : पुष्कळ लोक इंजिन रेटूनच वर चढवतात.

मामा : ते करू नको. मिनेसोटाचं नैसर्गिक संसाधन खातंही तसं करू नका म्हणून सांगतं. पंख्याचा झोत रॅम्पच्या काँक्रीटपुढची माती उकरतो, तिथे खड्डा पडतो, आणि पुढच्या माणसाच्या ट्रेलरचं चाक काँक्रीटच्या टोकावरून त्यात उतरतं. आपण चढलो, खड्डा मात्र दुसऱ्यासाठी ठेवला, हे बरं नव्हे. आणि विंच फिरवताना पट्ट्याच्या रेषेत उभी राहू नकोस. पट्टा तुटला तर तो कुणाचंही ऐकत नाही.

भाची : बोट वर आली की मागचे पट्टे बांधायचे. गाइड काही बोट धरून ठेवायला नसतात.

मामा : शाबास. हायवेवर बोट धरतात ते पट्टे आणि पुढची साखळी. गाइडच्या भरवशावर कुणी बोट रस्त्यावर आणू नये. आणि निघण्याआधी पाणवनस्पती काढायच्या. तळाचं बूच काढून पाणी सोडायचं, प्रवासात बूच काढलेलंच असलं पाहिजे, हा इथला कायदा आहे. गाइडच्या कार्पेटमध्येही शेवाळ आणि धागे अडकतात. झेब्रा शिंपल्यांची पिल्लं डोळ्यांनाही दिसत नाहीत. हे शिंपले १९८९ मध्ये डुलुथ बंदरात सापडले, आज मिनेटोंकातही आहेत. एका तळ्यातून दुसऱ्यात ते नेण्याचं पाप आपल्या कार्पेटला लागू नये.

भाची : म्हणजे गाइड जितके जास्त, तितकी साफसफाई जास्त.

मामा : हो, म्हणूनच गरजेपुरतेच.

या बोलण्याचा निष्कर्ष असा. गाइड घ्यायला दुकानात जाण्याआधी चार मापं हातात असावीत : डेकची रुंदी, ट्यूबचा व्यास, बंकची लांबी, आणि नेहमीच्या रॅम्पचा उतार. डेक आठ फुटी असेल आणि मर्यादेत जागा उरत असेल, तर उभे खांब उत्तम. खोल रॅम्पवरही ते उपयोगी पडतात आणि आरशात ट्रेलर दाखवतात. डेक साडेआठ फुटी असेल तर डेकखाली बसणाऱ्या बाजूच्या फळ्या घ्याव्यात, आणि त्यांच्या उंचीसाठी ट्रेलर किती खोल न्यायचा हे आधी ठरवावं. आतले गाइड दोन साध्या ट्यूबच्या बोटीलाच घ्यावेत. तिसरी ट्यूब किंवा आतल्या पट्ट्या असतील तर त्यांचा विचार सोडावा. प्रत्येक बाजूला इंचभर जागा, बोल्टची डोकी खोल, आणि तांब्याचं औषध मारलेलं लाकूड नाही.

मामांचं म्हणणं खरं आहे की हात शिकलेला नसेल तर गाइड अपुरे पडतात. भाचीचं म्हणणंही तितकंच खरं आहे की गाइड नसतील तर घरातल्या बऱ्याच जणांना शिकायची संधीच मिळत नाही. माझं मत भाचीकडे झुकतं. कारण पॉन्टून ही सगळ्या कुटुंबाची बोट आहे, आणि ती परत आणणं एकाच माणसाला जमत असेल, तर उरलेल्या सगळ्यांची सुट्टी त्या एका माणसाच्या सवडीवर ठरते. योग्य गाइड ही अडचण सोडवू शकतात. मात्र ते मापाने निवडलेले हवेत आणि खोली साधायला शिकलेले हात त्यांच्या सोबत हवेत.

म्हणून यंदा गाइड बसवलेत, तर त्यांची पहिली परीक्षा स्वतः घेऊ नका. आठवड्याच्या मधल्या एखाद्या शांत सकाळी, रॅम्प मोकळा असताना, घरातल्या ज्या माणसाने आजवर कधी बोट चढवली नाही, त्याच्या हातात चाक द्या, आणि शेजारी उभं राहून फक्त खोली सांगा.